दलदल कोणाच्या वाट्याची

रंगारी आला, पत्रा आला, रंगाचे डबे आले, फक्त एकमत तेवढं यायचं राहिलं होतं. आणि या घरात एकमताची वाट बघायची म्हणजे रेड्याच्या दुधाचा चहा करायला बसायचं.

दादांच्या अंगणात दोन बाकांवर आडवा टाकलेला, एसटी स्टँडवर लावायचा पालिकेचा फलक दाराएवढा होता. वर ठळक अक्षरांत ‘आपली नगरपालिका : भूगोल, लोक आणि इतिहास’ असं लिहून झालं होतं. खाली नकाशा. हिरवी टेकडी, निळा ओढा, पांढरा धबधबा, नारळीच्या बागांचे ठिपके आणि मधोमध, कुणाच्या तरी हातून चहा सांडावा तशी पसरलेली तपकिरी दलदल. नावांच्या जागा मोकळ्या होत्या. रंगारी कुंचला भिजवून बसला होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, “मग? लिहू?”

नकाशा मधलीनं काढला होता. मधली म्हणजे दादांची मधली सून, पालिकेत आरेखक. तिच्या नवऱ्याला घरात कुणी काही विचारत नसे, म्हणून तो सुखी होता. मधलीला मात्र सगळे सगळं विचारत आणि तिचं उत्तर कुणीच ऐकत नसे. आज साहेब पाचला फलक बघायला येणार होते. त्यांचा नियम साधा होता. जिवंत माणसाचं नाव फलकावर लावायचं तर त्या माणसाची हरकत नको. एकानं जरी हरकत घेतली, तर सगळीच नावं रद्द. मग टेकडी क्रमांक एक, ओढा क्रमांक दोन, असं काय ते.

आणि आक्कानं हरकत घेतली होती.

ही नावं मुळात पडली कशी, हे या घराण्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगायला काही बिघडत नाही, कारण या घराण्यात सगळंच पुन्हा सांगतात. नगरपालिका नवीन झाली तेव्हा तिची मोजणी आबांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी केली. लोखंडी साखळी खांद्यावर टाकून ते झाडाझुडपांतून महिनोनमहिने हिंडले. इथे तेव्हा माणसं होती, खेकडे होते, डासांची तर रेलचेल होती, पण कशालाच नाव नव्हतं. वरून हुकूम आला, नावाशिवाय नकाशा घेणार नाही. आबांनी डोकं लढवलं नाही. घरात चार पोरं होती, ती वाटून टाकली. थोरल्या मुलीच्या नावानं आक्काची दलदल, मग दादाची टेकडी, बापूचा ओढा आणि पाळण्यात होती तिच्या वाट्याला छबूचा धबधबा.

झालं! तेव्हापासून हे घर नावांना स्वभावाचा दाखला समजत आलं. दादा टेकडीसारखे ताठ, म्हणून बस डेपोचे नियंत्रक झाले आणि निवृत्तीनंतर जेवायला बोलावतानासुद्धा गाडी सुटायची घोषणा केल्यासारखे बोलत. बापू ओढ्यासारखा, आज या वळणाला तर उद्या त्या. छबू धबधब्यासारखी, म्हणजे वर्षातले दोन महिने देखणी आणि बाकी दहा महिने कोरडी, असं तिच्या भावजया म्हणत. आणि आक्का? आक्का दलदल. शाळेत पोरं तिला बघून पाय वर उचलून चालत. लग्न ठरेना तेव्हा शेजारी म्हणाले, दलदलीत कोण पाय घालणार? ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली, आयुष्यभर कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाचे फोन जोडले, बिनलग्नाची राहिली आणि भाच्यापुतण्यांचं लाडाकोडानं केलं. पण ते टोपणनाव काही सुटलं नाही.

“मी मेल्यावर काय वाटेल ते लिहा,” आक्का ओसरीवरच्या खुर्चीतून म्हणाली. “पण जिवंतपणी मी एसटी स्टँडवर दलदल म्हणून टांगून घेणार नाही. सांगून ठेवते.”

“अगं, पण त्यात वाईट काय आहे?” दादा म्हणाले. “दलदल हा निसर्गाचा एक भाग आहे.”

“मग तू घे. मला टेकडी दे.”

दादांनी घसा साफ केला. “टेकडीचा प्रश्न वेगळा आहे. टेकडीवर पाण्याची टाकी आहे.”

“टाकी राहू दे ना तिथंच. ती काय तुझ्या डोक्यावर आहे?”

“लोक मला ओळखतात टेकडीमुळे.”

“आणि मला कशामुळे ओळखतात रे?”

यावर ओसरीवरची सगळी मंडळी एकदम केळी सोलायला लागली. मधलीनं मान खाली घातली. आक्काचं दुखणं तिला कळत होतं. पण नावं रद्द झाली तर आबांचा अख्खा नकाशा आकड्यांचा होणार, हेही तिला बघवत नव्हतं. फलकासाठी तिनं सगळा मुलूख पायाखाली घातला होता. एका बाजूला आबांचा जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला नवं यंत्र. त्या कामात तिला एक कोडं पडलं होतं आणि ते तिनं सकाळीच चहाच्या वेळी सगळ्यांपुढे मांडलं होतं. दलदलीच्या अलीकडे आबांची मापं तंतोतंत जुळत. पलीकडे मात्र सगळं कागदावर लांब आणि जमिनीवर आखूड.

“जमीन आटली असेल,” दादा म्हणाले होते.

“उन्हानं,” बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या बापूनं दुजोरा दिला होता. “आमचा बर्फही आटतो.”

“जमीन आटत नाही हो,” मधली म्हणाली होती. “मापांविषयी बोलायचंय असं साहेबांना कळवलंय, आज सांगणार आहे. पलीकडची मोजणी पुन्हा करायला हवी.”

तेव्हा आक्कानं बशी खाली ठेवली होती, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तिनं हरकतीचं निशाण उभारलं होतं. पण या दोन गोष्टींची सांगड घालायला घरात कुणाला सवड होती? मधलीलाही नव्हती.

“एक तोडगा आहे,” छबू म्हणाली. ती पदर सावरून पुढे सरकली म्हणजे कुणाचं तरी काहीतरी जाणार, हे ठरलेलं. “बापूचा ओढा आक्काला देऊ. बापूला काय, तो कुठंही रमतो.”

“मान्य!” दादा गरजले.

“मलाही मान्य,” बापू म्हणाला. हातातला चहा आणि आपला हक्क या दोन्ही गोष्टी तो मागेल त्याला देत असे. “आक्का, ओढा तुझा. घे.”

रंगाऱ्यानं वेळ दवडली नाही. निळ्या रेघेशेजारी ‘आक्काचा ओढा’ लिहून टाकलं.

तेवढ्यात आतून धाकटी काकू, म्हणजे बापूची बायको, चहाचं आधण टाकून बाहेर आली. “ओढा कुणी दिला? कारखान्यावर पाटी काय आहे आपल्या? ‘बापूच्या ओढ्याचा बर्फ.’ ती पाटी काय तुझी बहीण बदलणार आहे?”

“तेही खरंच,” बापू म्हणाला. “आक्का, ओढा परत दे.”

“घेतलाच कुठं होता मी!”

रंगाऱ्यानं रॉकेलचा बोळा फिरवला. नाव गेलं, पण ओढ्याचा एक बाकही त्याच्याबरोबर गेला.

आता बापूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्यानं छबूकडे पाठ केली आणि दादांच्या शेजारी जाऊन बसला. “दादा, आपण दोघं भाऊ एक. छबूचा धबधबा देऊ. नाहीतरी दहा महिने तिथं पाणी नसतंच. आक्कालाही फार दगदग नको.”

“पटण्यासारखं आहे,” दादा म्हणाले.

“कसं पटण्यासारखं आहे?” छबू उठून उभीच राहिली. “माझ्या पार्लरचं नाव काय आहे? ‘धबधबा ब्युटी पार्लर.’ बायका धबधब्याचा फोटो बघून आत येतात. उद्या काय सांगू, हा धबधबा माझ्या बहिणीचा, मी फक्त केस कापते?”

“आक्काची परवानगी घेऊन लाव फोटो,” दादा म्हणाले.

“वा रे वा! डेपोतून निवृत्त झालास तरी दुसऱ्याच्या गाड्या हलवायची सवय गेली नाही.” मग छबूनं एक दीर्घ श्वास घेतला, बापूजवळ गेली आणि मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बापू, विचार कर. ओढा तुझा, धबधबा माझा, आणि दोन्हींत पाणी एकच. आपलं खरं नातं. या टेकडीशी आपला काय संबंध?”

बापूचे डोळे पाणावले. “काहीच नाही गं,” तो म्हणाला आणि खुर्ची उचलून दादांपासून लांब, छबूच्या शेजारी नेऊन ठेवली.

“टेकडी आक्काची!” दोघं एका सुरात म्हणाले.

रंगाऱ्यानं लिहिलं. दादांनी खोडायला लावलं. रंगाऱ्यानं खोडलं. मग धाकटी काकू म्हणाली, दलदलीचे चार तुकडे करून चौघांना द्या. रंगाऱ्यानं रेघा मारायला घेतल्या तेव्हा मधलीनं त्याच्या हातातला कुंचला धरला.

“काका, जरा थांबा ना. ठरल्यावर लिहा.”

“बाई, मी बेचाळीस पाट्या रंगवल्या या गावात,” रंगारी शांतपणे म्हणाला. “ठरल्यावर लिहायला बसलो असतो तर एकही झाली नसती.”

अंगणभर रॉकेलचा वास सुटला होता. टेकडीला आता खोडलेल्या नावाचे ओरखडे होते, ओढा मधेच तुटला होता आणि धबधबा वरून न पडता खालून वर जातोय असं वाटत होतं. मधलीनं घड्याळाकडे पाहिलं. ती रडायच्या बेतात आली होती. एवढं रान तुडवलं, काट्यांनी हातपाय ओरबाडून घेतले, आणि तिच्या स्वतःच्या नावाचं यात झुडूपसुद्धा नव्हतं. तरी रडायची पाळी तिच्यावरच. सुनेचा जन्म, दुसरं काय.

आणि मग आक्का उठली.

ती सहसा उठत नसे. तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला आणि सगळ्यांनी माना वळवल्या.

“राहू दे,” ती म्हणाली. “कुणाचं काही नको मला. हरकत मात्र कायम. आकडे लावा खुशाल. म्हणजे मी दलदल नाही, असं ठरलं ना?”

“तसं म्हटलं तर ठरलं,” दादा चाचरत म्हणाले.

“मग बरं झालं. आजवर या गावातला एकेक फोन माझ्या कानातून गेला. जे आत गेलं ते कधी वर आलं नाही. लोक म्हणायचे, दलदलच ती. आता दलदल नाही म्हटल्यावर पोटात तरी कशाला ठेवू?” ती कठड्याला टेकली आणि आरामात म्हणाली, “बापू, पालिकेचा रस्ता दाबायचा रूळ एका रात्रीत नदीत कसा गेला, यावर तीन चौकशा झाल्या होत्या, नाही का रे?”

बापूच्या हातातलं केळं खाली पडलं. धाकटी काकू हळूच नवऱ्याकडे वळली.

“छबू, पार्लरमधला तो धबधब्याचा फोटो. किती छान आहे! कुठल्या देशातल्या कॅलेंडरातून कापून मागवलास, ते मला वाटतं फोनवर तूच–”

“आक्का!” छबू किंचाळली.

“आणि दादा. तो फुटबॉलचा संघ आठवतो? डुलकी लागली होती तुला, चुकीच्या गाडीत बसवून दिलास. परक्या गावात सामना खेळून आले बिचारे. जिंकले म्हणून बोंब झाली नाही.”

दादांचा चेहरा टाकीतल्या पाण्यासारखा थंडगार झाला. “आक्का,” ते अगदी हळू म्हणाले. मधलीनं सासऱ्यांचा इतका हळू आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. “तुला टेकडी हवी होती ना?”

“छे! धबधबा घे गं माझा,” छबू मधेच म्हणाली. “तुला शोभेल.”

“ओढा!” बापू ओरडला. “ओढा घे! ही काय म्हणते ते बघू नकोस!”

“मी काहीच म्हणत नाही,” धाकटी काकू म्हणाली. “मला त्या रुळाचं आधी ऐकायचंय.”

रंगाऱ्याला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. तो सपासप लिहीत सुटला. आक्काची टेकडी. आक्काचा ओढा. आक्काचा धबधबा. हातासरशी नारळीच्या बागांवरही त्यानं आक्काचं नाव टाकलं. लिहून झाल्यावर तो बाजूला झाला आणि सगळे फलकाभोवती जमले. पालिकेचा सगळा भूगोल आक्काचा झाला होता. फक्त मधोमध दलदल तेवढी बिननावाची, तपकिरी, कुणीच जवळ न घेतलेल्या पोरासारखी पडून होती.

आक्कानं फलक निरखून पाहिला. तिच्या ओठांवर आधी हसू आलं, मग ते गेलं. “मधले,” ती म्हणाली, “जरा आत चल. गुडघ्याला तेल लावून दे.”

स्वयंपाकघरात येताच आक्कानं दार लोटून घेतलं. तेलाची बाटली तिनं मागितली नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, “तू साहेबांना पलीकडची मोजणी पुन्हा करा म्हणून सांगणार आहेस?”

“हो. मापं जुळतच नाहीत, आक्का.”

“कशी जुळतील?” आक्कानं दाराकडे एकदा पाहून घेतलं. “साखळी दलदलीत गेली ना.”

“कुठली साखळी?”

“मोजणीची. सरकारी. मी आबांना डबा घेऊन गेले होते. फ्रॉक घालायचे तेव्हा. आबा कमरेइतके रुतले होते, साखळीचं टोक हातात. मला बघून त्यांनी हात वर केला, तशी सुटली. गुडगुड आवाज आला आणि गेली. आबा नुसते बघत बसले. नोकरीच जायची होती. आईला सांगितलं तर गावभर व्हायचं. मी म्हटलं, आबा, आपली कपडे वाळत घालायची दोरी आहे ना?”

मधलीनं तोंडावर हात ठेवला.

“पलीकडची सगळी पालिका त्या दोरीनं मोजली,” आक्का म्हणाली. “सुती दोरी. त्यात पावसाचे दिवस. भिजली की आखडायची. आबांना काय ठाऊक, ते आपले तिची लांबी पूर्वीएवढीच धरून दोऱ्या मोजत राहिले. आई रोज विचारायची, दोरी गेली कुठं? कपडे कुंपणावर वाळायचे आणि बकऱ्या खायच्या. मी ब्र काढला नाही. मोजणी संपली तेव्हा आबांनी विचारलं, तुला यातलं काय देऊ? मी म्हटलं, काहीपण. त्यांनी दलदलीवर माझं नाव लिहिलं. म्हणाले, साखळी तिच्या पोटात आणि गोष्ट तुझ्या. दोघी सारख्या, माझी नोकरी तुम्ही वाचवलीत.”

आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“बक्षीस होतं गं ते. मला ठाऊक होतं. पण सगळे हसायचे, आणि मला सांगता येईना की बाबांनो, तुमची टेकडी आबांनी अशीच वाटून टाकलीय, ही दलदल मला प्रेमानं दिलीय. सांगितलं असतं तर आबा गेले असते कामातून. ते गेल्यावर मग सवय झाली. आज सकाळी तू मोजणीचं काढलंस. म्हटलं, एवढं गप्प राहून शेवटी आबांचं उघडंच पडणार असेल, तर निदान ते नाव तरी नको.”

मधली खाली बसली आणि तिनं आत्यासासूचे पाय खरोखरच दाबायला घेतले. तिला हसू येत होतं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर आखलेल्या या पालिकेत ती नोकरी करत होती, कर भरत होती, आणि दादा तर वर्षानुवर्षं तिच्या विस्तीर्ण क्षेत्राबद्दल पाहुण्यांना भाषणं ठोकत होते.

“पुन्हा मोजली तर किती लहान निघेल गं?” आक्कानं विचारलं.

“लहान निघेल. नगरपालिकेची ग्रामपंचायत होईल एवढी लहान.”

“अरे देवा! दादा जगायचा नाही.”

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की बाहेरून छबूनं दार वाजवलं. “आक्का, आमचं काही बोलत नाहीयेस ना?”

बाहेर साहेबांची गाडी येऊन थांबली होती. आक्का ओसरीवर आली ती ताठ मानेनं. “हरकत नाही माझी,” ती म्हणाली. “सगळं पुसा. ज्याचं त्याला द्या. दलदल माझी. आणि जरा मोठ्या अक्षरांत, काय? टेकडीपेक्षा मोठ्या.”

“अगदी!” दादा म्हणाले. “अक्षरं कितीही मोठी चालतील!” बापूनं मान डोलावली. छबूनं आपल्या हातानं रॉकेलचा बोळा फिरवला. साहेबांनी रुमाल नाकाला लावूनच फलक पाहिला. रंगारी झपाझप लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचा कुंचला दलदलीच्या कडेला थांबला.

“बाई, इथं हे एक डबकं काढलंय तुम्ही. याला नाव?”

“त्याला नाव नाही,” मधली म्हणाली. “ते आपलं उगीच आहे. आबांच्या नकाशात नव्हतं.”

“असं कसं?” आक्का म्हणाली. “लिहा हो, मधलीचं डबकं.”

ओसरीवर सगळे खदाखदा हसले. मधलीचा नवरा सगळ्यांत जास्त. मधली लाल झाली. साहेबही हसले, मग कामाची आठवण होऊन गंभीर झाले आणि आबांच्या जुन्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “तुम्ही आज मापांविषयी काहीतरी सांगणार होतात ना? पलीकडच्या बाजूचं? काही अडचण आहे का?”

अंगणात हसणं अजून चालूच होतं. फक्त आक्का हसत नव्हती. ती खुर्चीचा हात घट्ट धरून मधलीकडे बघत होती.

“छे हो, साहेब,” मधली म्हणाली. “तंतोतंत जुळतात.”

मग तिनं रंगाऱ्याच्या हातातला कुंचला घेतला आणि आपल्या डबक्याचं नाव स्वतःच पुरं केलं.